बिनसांध्याची फरशी

“मग नारळ कुठं फोडायचा?” तात्यांनी विचारलं.

टीपॉयवर एपॉक्सीचे नमुने मांडून बसलेला सावर्डेकर कंत्राटदार त्यांच्याकडे बघतच राहिला. इतका वेळ त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. सांधा नाही, चीर नाही, मुंगी नाही, ओल नाही. जुनी फरशी उखडायची नाही, वरूनच थर ओतायचा. वाळला की जमीन अशी होते की वाकून भांग पाडावा. तेल सांडू दे, चहा सांडू दे, ओलं फडकं फिरवलं की झालं. या सगळ्यात नारळाचा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा.

“नारळ?” तो म्हणाला.

“दसऱ्याला, पाडव्याला. आमी हितं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला फोडतो. शाबादी फरशी हाय, तिला काय हुत न्हाई. तुमच्या त्या आरशावर हाणला तर?”

“तात्या, नारळ बाहेर पायरीवर फोडता येतो,” आमचे हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, जयवंत पिसाळ.

“बाहीर कुत्री येत्यात.”

“मग पाटावर फोडू.”

“आन् पाट खाली घासला की वरखडं उठणार न्हाईत?”

सावर्डेकरानं आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला. ओरखडे उठतात, तो म्हणाला, त्यामुळे जड वस्तू ओढायची नाही, उचलून ठेवायची.

“बघ!” तात्या मुलाला म्हणाले, आणि खटल्याचा निकाल लागल्यासारखा त्यांनी माझ्याकडे चहा मागितला. चहाचा ट्रे माझ्या हातातच होता. त्यांच्या कुशीलाच उभी होते मी. तो ट्रे तिथंच आपटावा असं मला वाटलं.

तात्या म्हणजे माझे सासरे. सगळी हयात एसटीचं स्टिअरिंग फिरवलं. कराड-चिपळूण, कराड-रत्नागिरी, घाटाघाटातून गाडी नेली, पण कधी कुणाला खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा त्यांचा बिल्ला हॉलमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे. निवृत्तीनंतर गाडी सुटली पण ड्रायव्हरकी सुटली नाही. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागे. स्टूल जरा सरकलं, बादली मोरीच्या बाहेर राहिली, की घर डोक्यावर घेत. “अंधारात हात टाकला तरी गिअर जाग्यावर घावला पायजे,” असं त्यांचं म्हणणं. सासूबाई गेल्यापासून हा जाच एकट्या माझ्या वाट्याला आला होता.

स्टँडमागचं ते घर तात्यांनी स्वतः बांधलेलं. मोठा हॉल, कोपऱ्यात त्यांची कॉट, स्वयंपाकघर, दोन खोल्या, आणि सगळीकडे शहाबादी फरशी. ती घालताना गवंड्यानं सांधे बोट जाईल एवढे रुंद ठेवले होते. लग्न होऊन आल्यापासून त्या सांध्यांनी माझा पिच्छा पुरवला होता. त्यांत कणीक भरे, केस भरत, पावसाळ्यात ओल येई आणि उन्हाळ्यात मुंग्या. केरसुणी वरून निघून जाई आणि घाण आत राही. प्रत्येक सणाच्या आधी मी गुडघ्यांवर बसून, धुण्याचा सोडा टाकून, जुन्या ब्रशनं एकेक सांधा कोरत असे. ऐन चाळिशीत माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलं होतं. घर डॉक्टरांचं ऐकत नाही.

अशात दूध संघाच्या पॅकिंग विभागात एपॉक्सीची जमीन केली. हे तिथं सुपरवायझर. घरी येऊन म्हणाले, “हेमा, एक रेघ नाही बघ आख्ख्या हॉलला. दूध सांडलं तरी नुसतं पुसून घ्यायचं.” एक रेघ नाही, हे ऐकलं आणि मी तिथंच विरघळले. या घरात मी दागिना मागितला नव्हता, माहेरी चार दिवस जादा मागितले नव्हते. जमीन तेवढी मागितली.

आणि तात्यांचं घोडं नारळावर अडलं.

नारळाचं समाधान केलं, तेव्हा त्यांना निसरडेपणा सापडला. “ओल्या पायानं मोरीतनं आलो की गाडी स्लिप. ब्रेक लागायचा न्हाई.” मी सावर्डेकराला फोन केला. तो म्हणाला, शेवटच्या थरात बारीक वाळू भुरभुरली की जमीन खरखरीत होते, पाय धरते. तेही सांगितलं. तात्या म्हणाले, “मग त्या वाळूत घाण आडकणार. मग आत्ताचीच काय वंगाळ हाय?”

पुढे निघालं ऊन. खिडकीतून ऊन येतं तिथं ही जमीन पिवळी पडते म्हणे. हे ज्ञान बाबरांनी पुरवलं होतं. बाबर म्हणजे तात्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. रोज सकाळी येऊन आमच्या फाटकावर किल्लीनं टण् टण् असं दोनदा वाजवत. डबल बेल ऐकली की तात्या उठत, आणि दोघं खांद्यावर हात टाकून, कॉलेजातल्या पोरांसारखे, स्टँडवर चहाला जात. येताना तिथून रोज एक नवी खोट घेऊन येत.

मग वासाचं निघालं. मग खालून ओल आली तर फोड येतात हे निघालं. मग म्हणाले, दगड उन्हाळ्यात गार राहतो, तुमचं प्लॅस्टिक राहील का? आणि थंडीत हेच तात्या, “फरशी नुसती बरफ झालीया,” म्हणून कण्हत. घरात स्लीपर घाला म्हटलं तर अंगावर येत. “घरात चप्पल? घर हाय का धर्मशाळा?”

यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. सावर्डेकर सगळं कबूल करायचा. पिवळी पडते, ओरखडे उठतात, ओलीवर टिकत नाही. पण दुसऱ्या बाजूला माझे सांधे होते, मुंग्या होत्या, गुडघे होते. कुठल्याही तराजूत घाला, माझंच पारडं जड होतं. तात्यांना मात्र काहीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

यांचीही कमाल. दूध संघात चाळीस माणसांवर आवाज चढवणारा माणूस बापासमोर मूग गिळून बसायचा आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायचा, “तूच समजाव त्यांना. तुझं ऐकतात.” बाहेर तात्या म्हणायचे, “त्याला सांग, मला इचारायचं काय कारन हाय? करा तुमाला काय करायचं ते.” केलं असतं तर आठ दिवस जेवले नसते.

एकदा संध्याकाळी माझा तोल सुटला. मी लाटणं हातात घेऊनच हॉलमध्ये गेले.

“तात्या, एकदाच काय ते सांगा. तुम्हाला नारळाची काळजी आहे, उन्हाची आहे का वासाची? रोज एक नवं काढताय. मी काय करू म्हणता? मरेपर्यंत सांधे कोरत बसू?”

तात्या पेपर वाचत होते. तो त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला. पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिले.

“मला हीच फरशी पायजे.”

“पण का?”

“का म्हंजे? मी घातलीया.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. पोळी करपली, तीच त्यांच्या ताटात वाढली, आणि ती ते एक शब्द न बोलता जेवले. त्याचाही मला रागच आला.

शेवटी यांनी तोड काढली. आमची प्राजक्ता कोल्हापूरला हॉस्टेलवर होती. तिची मागची खोली रिकामी होती. तिथं आधी करून बघू, तात्यांनी बघावं, पसंत पडलं तर पाडव्याच्या आत हॉल. तात्या म्हणाले, “ती खोली तुमची. तिथं काय बी करा.” त्यात होकार नव्हता, पण नकारही नव्हता. आम्ही लगेच सावर्डेकराला बोलावून घेतलं.

काम झालं. वासानं डोळे झोंबले, शेजारच्या बाईंनी आम्ही घरात काय जाळतोय म्हणून विचारून घेतलं. पण थर वाळला, दार उघडलं, आणि मी उंबऱ्यावरच उभी राहिले. फिकट राखाडी, तुळतुळीत जमीन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ नाही. खिडकीतला उजेड तिच्यावर पसरला होता. मी त्या दिवशी काही काम नसताना चार वेळा ती खोली पुसली. यांनी अर्धी गल्ली बोलावून दाखवली. तात्या तेवढे दारापर्यंत आले, उंबऱ्यावर थांबले, आणि “लई चकाकतंय,” एवढंच बोलून माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामावर होते. मी गच्चीवर मिरच्या वाळत घालून खाली आले, तर मागच्या खोलीचं दार उघडं. आत तात्या. अनवाणी, खोलीच्या मधोमध.

मला हसूच आलं. म्हटलं, आलं का म्हातारं चोरून बघायला! आता बरं पकडलं. मी आवाज न करता दाराशी उभी राहिले, काय करतात ते बघायला.

तात्यांनी उजवा पाय पुढे सरकवला. जमिनीवरून फिरवला. मग डावा. मग थोडं वळले आणि पुन्हा तसाच पाय फिरवला, काहीतरी खाली पडलंय आणि ते पायानं शोधतायत, तसा. जमिनीवर काही नव्हतं. मग ते चालायला लागले, हात पुढे करून, आणि सरळ खिडकीवर गेले. गजाला हात लागला तसे दचकले. तिथून भिंतीला हात लावत कोपऱ्यात गेले, कोपऱ्यात थांबले. दार त्यांच्या पाठीमागं होतं. आणि दारात मी.

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. सकाळी याच माणसानं मला पेपरातली बातमी वाचून दाखवली होती.

“बाबर?” कोपऱ्याकडे तोंड करूनच त्यांनी हळूच विचारलं. “कोन हाय तितं?”

“मी आहे तात्या. हेमा.”

ते वळले नाहीत. त्यांचे खांदे तेवढे खाली आले.

“दार कुठल्या अंगाला हाय गं?”

मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांना हॉलमध्ये आणलं. हॉलच्या फरशीला पाय लागला मात्र, त्यांनी माझा हात सोडला आणि स्वतः चालत, न चाचपडता, आपल्या कॉटवर जाऊन बसले.

“नोकरीत आसताना न्हाई हं,” पहिलं वाक्य त्यांनी हे उच्चारलं. “तुझ्या गळ्याची शप्पत हेमा. रिटायर झाल्यावर सुरू झालं. तवा आसतं तर मी स्टिअरिंगला हात लावला नसता.”

“अहो, पण तुम्ही पेपर वाचता!”

“समोरचं दिसतंय. नळीतनं बघितल्यावानी. पेपर दिसतो, तुझं तोंड दिसतं. बाजूचं न्हाई दिसत, खालचं न्हाई दिसत. ते वरसावरसाला बारीक हुत चाललंय.”

“मग घरात कसे फिरता?”

“ह्येच्यावर.” त्यांनी अंगठ्यानं फरशीचा सांधा दाखवला. “कॉटवरनं उटलो की ही सांद डाव्या पायाखाली घ्यायची. ती सरळ मोरीला जाती. मधी चिरलेली फरशी लागती, तितनं उजवीकडं वळलं की भाईरचं दार. तुझ्या सयपाकघरात दगुड खरबरीत हाय, तितं कळतंच.” मग जरा थांबून म्हणाले, “तू त्या सांदी ब्रशनं कोरून ठेवतीस म्हणून लागत्यात पायाला. न्हाईतर कवाच भरून गेल्या आसत्या.”

मी खाली बसले. गुडघे दुखले, पण बसले. माझा ब्रश, माझा सोडा, माझ्या शिव्या, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि खरं सांगायचं तर दया नंतर आली, आधी संतापच आला. इतके दिवस नारळ, ऊन, वास! एक वाक्य बोलायला काय झालं होतं या माणसाला?

“सांगितलं का नाहीत?” मी ओरडलेच.

“जगदाळे ड्रायव्हरचं ठावं हाय न्हवं तुला? दिसत न्हाई म्हणला, आन् पोरांनी कॉटवर बसवला. पडशीला, धडपडशीला म्हणून. मुताया जायचं तर हाक मारायची. भाईरनं कडी. वरसात गेला.”

“हे तसे आहेत का?”

“जयवंता चांगला हाय. म्हणून तर भ्या वाटतंय. चांगली पोरंच कॉटवर बसवत्यात.”

मी डोळे पुसले. म्हटलं, सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात यायचं, काही ऐकणार नाही. येतो म्हणाले. पण जयवंताला सांगायचं नाही, या बोलीवर.

“आणि हॉल?” मी विचारलं.

तात्यांनी पायाचा अंगठा सांध्यातून काढला.

“हॉल तू कर. तुझं गुडघं गेलं, ते मला दिसतंय. मी भिताडाला हात लावून जाईन.”

आता बघा. इतके दिवस ज्यासाठी भांडले ते माझ्या पदरात पडलं होतं. आणि घ्यायला हात होईना. जमीन तर मला हवीच होती, ती मी सोडणार नव्हते, मी काही संत नाही. दोन दिवस भाजी चिरताना, धुणं पिळताना डोक्यात तेच. मग सावर्डेकराची वाळू आठवली.

रविवारी तो हॉलची मापं घ्यायला आला. हे खुशीत होते. तात्यांनी विरोध का सोडला याचा यांना पत्ता नव्हता, सुंठेवाचून खोकला गेला याचाच आनंद. तात्या कॉटवर पेपर घेऊन बसले होते.

“एक करायचं,” मी म्हटलं. “सगळं गुळगुळीत करा. फक्त कॉटपासून मोरीपर्यंत एक पट्टा वाळूचा ठेवा. आणि मधून एक फाटा बाहेरच्या दाराला.”

“वाळूचा पट्टा?” हे म्हणाले. “हॉलच्या मधून?”

“वहिनी,” सावर्डेकर म्हणाला, “आख्खी जमीन लोण्यासारखी आणि मधेच डांबरी रस्ता? पाहुणे हसतील.”

“हसू देत.”

“अगं पण कशाला?”

सांगायचं कारण सांगता येत नव्हतं. “ओल्या पायानं कुणी घसरू नये म्हणून,” मी म्हटलं.

“मोरीपाशी पायपुसणं टाक. संपलं.”

“गौरी येते त्या वाटेवर रांगोळीची पावलं काढायची असतात. गुळगुळीतावर रांगोळी ठरत नाही.”

“गौर मोरीतून येते आपल्याकडे?”

सावर्डेकर हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं टेप गुंडाळायला घेतला.

“मला डिझाइन आवडलंय ते.”

“कुठं बघितलंस?”

“टीव्हीवर.”

“कुठल्या चॅनेलवर? आणि डिझाइनच पाहिजे तर सरळ तरी घे! हे मधेच उजवीकडे वळण कशासाठी?”

“असू दे म्हटलं ना मी!”

यांनी कपाळावर हात मारला. “हेमा, वाळूत घाण अडकते, हे तात्यांनीच तुला सांगितलं होतं ना? एक रेघ नको, एक रेघ नको म्हणून माझा जीव खाल्लास. आणि आता स्वतःहून घराच्या मधोमध रेघ ओढायला निघालीस? तू तर तात्यांच्या वरताण निघालीस. रोज एक नवं!”

हे शब्द माझेच होते. त्या घडीला तात्यांच्या नारळाचं मला जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं. पण कळून उपयोग काय? बोलायची चोरी.

“सावर्डेकर, गुंडाळा,” हे म्हणाले. “काही करायचं नाही. या घरात कुणाला काय पाहिजे, ब्रह्मदेवाला कळायचं नाही. राहा आयुष्यभर सांधे कोरत! तुला मुळात काही नकोच होतं, नुसता माझ्या डोक्याला ताप.”

“जयवंता,” कॉटवरून आवाज आला. “गाडी थांबीव.”

तात्या उठले. सांधा डाव्या पायाखाली घेतला आणि चालत आले. चिरलेल्या फरशीपाशी थांबले.

“तिला बोलू नगंस. ती माझ्यापायी बोलणं खातीया. मला दिसत न्हाई.”

“काय दिसत नाही?”

“समोरचं नळीएवढं दिसतंय. बाकी आंधार हाय.”

हे वैतागून हसले. “तात्या, आता तुम्ही नवीन काढू नका. सकाळी पेपर वाचलात माझ्यासमोर.”

तात्यांनी मान पुढे ठेवूनच सांगायला सुरुवात केली. सांध्याचं, वळणाचं, बाबरच्या खांद्याचं. सांगता सांगता यांचा चेहरा बदलत गेला. हे हळूच तात्यांच्या कुशीला सरकले आणि त्यांनी आपला पंजा बापाच्या कानशिलाशी नेला. अगदी डोळ्याच्या कडेपर्यंत. हलवला. पुन्हा हलवला. तात्या समोर बघत बोलतच होते, “...आन् ही चिर लागली की उजवीकडं.” त्यांची पापणी हलली नाही.

यांनी हात खाली घेतला.

“गेलास का रं?” तात्यांनी विचारलं. “कुठं हायस तू?”

“इथंच आहे तात्या.”

“कॉटवर बसवणार न्हाईस न्हवं?”

“नाही,” हे म्हणाले. “नाही बसवणार.”

सावर्डेकर घसा खाकरून म्हणाला, “तात्या, पट्टा केवढा रुंद ठेवायचा?”

“एका माणसापुरता. समोरनं कोन यायचं न्हाई.”

यांनी प्राजक्ताच्या जुन्या दप्तरातून खडू शोधून आणला. तात्या कॉटपासून रोजच्यासारखे चालत निघाले, आणि त्यांच्या मागून हे गुडघ्यांवर सरकत प्रत्येक पावलाच्या दोन्ही बाजूंना खुणा करत गेले. मोरीपर्यंत, मग चिरेपासून दारापर्यंत. सुपरवायझर माणूस, इस्त्रीची पँट. दाराशी पोचल्यावर तात्या म्हणाले, “वळण बराबर घेतलंस का? आत दाबू नगंस.” हे खाली बघतच “बरोबर घेतलं,” म्हणाले, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळता येईल, डॉक्टर म्हणाले. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचं काम यांनी आपल्याकडे घेतलं आणि कधी चुकवलं नाही. ती नळी शेवटपर्यंत शाबूत राहिली. तात्या जायच्या आठवडाभर आधीपर्यंत मथळे वाचून सरकारला नावं ठेवत होते, आणि स्वतःच्या पायांनी मोरीला जात होते.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तात्यांनी काढलेली एकेक खोट खरी ठरली. खिडकीखाली जमीन पिवळी पडली आहे. कपाट ओढलं तिथं ओरखडे आहेत. मोरीच्या तोंडाशी एक फोड आलाय. बाकी मात्र फडकं फिरवलं की लख्ख, एक मुंगी नाही. फक्त तो खरखरीत पट्टा. आल्यागेल्याला हे सांगतात, “डिझाइन आहे.” वाळूत घाण अडकते ती अडकतेच. ती फडक्यानं निघत नाही. तिला ब्रशच लागतो, आणि सोडा, आणि गुडघे.

परवा पाडव्याच्या आधी मी तिथं घासत बसले होते, कण्हत, पुटपुटत. हे दारातून बघत उभे राहिले.

“हेमा,” हे म्हणाले, “सावर्डेकराचा मुलगा भेटला होता. म्हणाला, पट्टा घासून वर एक हात दिला की सगळं एकसारखं गुळगुळीत. एका दिवसाचं काम. आता त्याची गरज तरी कुणाला आहे? तुझे गुडघे बघ काय झालेत.”

मी ब्रश थांबवला. चिरलेली फरशी खाली होती, तिथं पट्टा उजवीकडे वळत होता.

“मग नारळ कुठं फोडायचा?” मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले, मोरीतून दुसरा ब्रश घेऊन आले, आणि पँट वर ओढून दाराच्या बाजूनं घासायला बसले.